घरात शस्त्र ठेवण्यास हरकत नाही

वाडी, नागपूर
६ एप्रिल २०२५

चि. अंकुर,

पत्र पाहून घाबरू नकोस, कोणी गेलेलं नाही. तुझे बाबा ठणठणीत आहेत, मीही आहे. तू माझा नंबर ब्लॉक केलास त्याला या महिन्यात दोन वर्षं होतील. पिंटूकडून तुझ्या चाकणच्या कंपनीचा पत्ता काढला. तुझा मित्र मोठा इमानी, अर्धा तास छळलं त्यानं मला, मग दिला. त्याला रागावू नकोस. जुन्या गोष्टीबद्दल मी एक अक्षर लिहिणार नाही. तुझ्याकडे एक काम आहे, तेवढंच.

मला रिव्हॉल्व्हर घ्यायचं आहे.

हसायचं तेवढं हसून घे. शेजारची मेघा इतकी हसली की तिच्या हातातला चहा माझ्या पायपुसण्यावर सांडला. नेमबाजीसाठी हवं आहे रे बाबा. कागदावर काळा गोल छापलेला असतो, त्यावर नेम धरायचा. मारायचं कोणाला नाही, फाटतो तो कागद. बावन्नाव्या वर्षी कळलं की आपल्याला एक गोष्ट चांगली जमते, आणि ती स्वयंपाकघरातली नाही.

झालं असं की आठ मार्चला रिंग रोडपलीकडच्या शूटिंग क्लबात बायकांचा दिवस होता. मेघा म्हणाली, "चाल वं कौशल्या, समोसा फुकट हाय, अन् बंदूकबी चालवू देऊन राहिले." मी समोशासाठी गेले. दहा छर्रे मिळाले, त्यातले आठ काळ्यात गेले. तिथल्या वंदना मॅडम, निवृत्त पीटीच्या बाई, आवाज असा की अख्खं मैदान सावधान होईल, त्या कागद घेऊन माझ्याकडे आल्या. "आधी कुठे शिकल्या जी तुम्ही?"

कुठे शिकणार? माझं माहेर गोळीबार चौकातलं, एवढाच काय तो संबंध. पण घरी आल्यावर आठवलं. माहेरी हातमाग होता तेव्हा ताण्याचा धागा तुटला की सांधायला मला बसवत, कारण माझी बोटं बारीक. तो धागा श्वासानंही हलायचा. म्हणून श्वास अर्धा सोडायचा, धरायचा, आणि तेवढ्यात गाठ मारायची. वंदना मॅडम नवीन बायकांना हेच महिनाभर शिकवतात. मी ते सात वर्षांची असताना शिकले होते आणि पुढे कुठे वापरायला मिळालंच नाही.

आता दर रविवारी जाते. तुझे बाबा सोडून देतात, खरंच. क्लबचं एक जुनं बत्तीस बोरचं रिव्हॉल्व्हर आहे, पण ते पाच जणांत फिरतं आणि त्याची मूठ बाप्यांच्या पंजाची आहे. मॅडम म्हणतात, हात बसायचा तर स्वतःचं घ्या. पैशाचं विचारू नकोस, ते माझे आहेत.

तर काम. परवान्याच्या फाईलला घरातल्या सज्ञान माणसांची ना-हरकत जोडावी लागते. कलेक्टर ऑफिसबाहेर विक्की म्हणून एक माणूस बसतो, नावानं विक्की, वयानं चाळिशीचा, त्यानं स्टँपपेपर टाईप करून दिला आहे. सोबत पाठवते. "आमच्या राहत्या घरात परवान्याचे शस्त्र ठेवण्यास माझी हरकत नाही" एवढंच आहे. अर्जदाराच्या नावाची जागा त्यानं कोरी सोडली आहे. मागून भरतो म्हणाला, सगळ्यांची अशीच करतो म्हणे. तू खाली सही करून पाठव. बाकी काही लिहिलं नाहीस तरी चालेल.

आई

११ मे २०२५

चि. अंकुर,

तुझा कागद आला नाही. असू दे. मी आपली लिहिते, तू वाच किंवा नको वाचूस.

काल आम्ही सदर भागातल्या एका जुन्या बंदुकांच्या दुकानात रिव्हॉल्व्हर बघायला गेलो. परवाना हातात नसताना विकत नाहीत, पण बघू देतात. वंदना मॅडम सोबत होत्या. दुकानदार म्हातारा, सगळे त्याला चाचा म्हणतात. तुझे बाबा गाडी लावून मागून आले तर चाचानं माझ्याशी चाललेलं बोलणं अर्धं सोडलं आणि त्यांच्यापुढे मखमलीचं कापड अंथरलं. "या साहेब, तुमाले काय दाखवू?" तुझे बाबा म्हणाले, "मले नाही जी, हिले. घरी पोळी तव्यावर नीट पडत नाही हिची, अन् इथे नेम लावते म्हणते." सगळे हसले. त्यांचा मूड चांगला होता. मार्चपासून चांगलाच आहे, घरात आवाज चढलेला नाही. बायको बंदूक चालवते हे ट्रान्सपोर्टच्या गोदामात सांगायला त्यांना आवडतं.

पहिलं रिव्हॉल्व्हर कसं निवडतात ते तुला सांगते, कारण दुसऱ्या कोणाला ऐकायला वेळ नाही. चाचानं तीन मांडली. एक आखूड नळीचं, चकचकीत, नवऱ्या मुलासारखं. दुसरं परदेशी, जुनं, इतकं जड की हातात धरल्यावर माझा खांदा खाली गेला. तिसरं काळं, लांब नळीचं, लाकडी मुठीचं. चाचा म्हणाला, "बाई, आखूडवालं कमरेसाठी अन् लांबवालं कागदासाठी. तुमाले कायच्यासाठी पाह्यजे?" मी म्हटलं, कागदासाठी.

नळी लांब हवी, कारण टोकावर जो बारीक उंचवटा असतो, त्याला सगळे मक्खी म्हणतात, तो डोळ्यापासून जितका दूर तितकी चूक आधी दिसते. वजन हवं, म्हणजे गोळी सुटल्यावर हात उडत नाही. पण वजन मुठीकडे नको, थोडं पुढे हवं. बोटाचं टोक चापावर सहज पोचलं पाहिजे, ताणून नाही. चाप दोन प्रकारे ओढता येतो. सरळ ओढला तर जड जातो, विहिरीतून बादली काढल्यासारखा. आधी अंगठ्यानं घोडा मागे घेतला तर मग चाप हलका होतो, नुसता स्पर्श पुरतो. नेमबाजीला हा दुसरा. म्हणून अंगठा घोड्यापर्यंत मूठ न हलवता जातो का, ते बघायचं.

मग मॅडमनी खरी परीक्षा घेतली. रिकाम्या रिव्हॉल्व्हरच्या नळीवर रुपयाचं नाणं ठेवलं आणि म्हणाल्या, ओढा. नाणं पडलं की हात हलला. चकचकीतवर नाणं ठरायलाच तयार नाही. जडवालं चार वेळा ओढलं, तीनदा पडलं. काळ्यावर मी दहा वेळा ओढलं आणि नाणं एकदाही पडलं नाही. चाचानं तुझ्या बाबांपुढची मखमल काढून घेतली आणि आतून त्याच्या पोराला बोलावून दाखवलं. मला रडू आलं रे, दुकानात, सगळ्यांसमोर. लग्नाच्या साड्यासुद्धा सासूबाईंनी पसंत केल्या होत्या. एखादी वस्तू स्वतःच्या हातात घेऊन पाहून मी निवडली असं आजवर झालेलं नाही.

परतताना मॅडमनी हळूच विचारलं, "कौशल्या, मे महिन्यात पूर्ण बाह्यांचा ब्लाउज काहून घालता?" ऊन लागतं म्हटलं. मे आहे, ऊन लागतंच.

तो कागद तेवढा पाठव. परवाना खेळासाठीचा आहे, फाईलवर तसंच लिहिलं आहे.

आई

३ जुलै २०२५

चि. अंकुर,

अक्षर वाकडं आहे कारण उजव्या मनगटाला पट्टा आहे. परवा स्वयंपाकघरात घसरले. हा शब्द वाचून तुझा चेहरा कसा झाला असेल ते मला माहीत आहे. पावसाळा आहे, फरशी ओली असते.

काल मुद्दाम क्लबात जाऊन आले. मॅडम म्हणाल्या, तीन आठवडे उजवा हात बंद. डाव्यानं धरून पाहिलं, पाचातले दोन काळ्यात. वाईट नाही.

दुसरी गोष्ट अशी की अर्ज आता तुझ्या बाबांच्या नावानं करायचं ठरलं आहे. विक्की मंगळवारी घरी आला होता. म्हणाला, "वैनी, बाईमाणसाच्या नावानं फाईल दोन वर्षं सरकत नाही. साहेब विचारते, घरच्या बाईले कायले पाह्यजे? दादाच्या नावानं टाकू, ट्रान्सपोर्टचा धंदा हाय, दोन-तीन महिन्यांत होऊन जाते. तुमचं नाव मागून जोडता येते." तुझे बाबा म्हणाले, "मंग तसंच कर गा. घरात काय तुझं अन् माझं?"

खरं म्हणजे यात नवीन काय आहे? घर त्यांच्या नावावर आहे, गॅस त्यांच्या नावावर, माझी ॲक्टिव्हा त्यांच्या नावावर. मिक्सरच्या वॉरंटी कार्डावरसुद्धा मधुकर निमजे लिहिलं आहे, आणि मिक्सर कुठे ठेवतात हे त्यांना सांगता येणार नाही. आपल्याकडे असंच करतात, माझ्या वडिलांनीही आईच्या मागाचा सरकारी कागद स्वतःच्या नावानं काढला होता. मला वाटलं नावाचं काय घेऊन बसायचं, हात तर माझाच असेल.

फक्त एक झालं. विक्कीनं कारणाच्या रकान्यात "क्रीडा" खोडून "स्वसंरक्षण" लिहिलं. तेव्हा मी म्हटलं, "पण नेम तर मी लावते, यांचं काय काम?" विक्कीसमोर म्हटलं. तो गालात हसला. त्याच्या हसण्यानं घोटाळा झाला. तो चहा पिऊन गेला आणि मग मी स्वयंपाकघरात घसरले.

तू अजून सही केली नसशील तर घाई करू नकोस. थोडं थांब, असं मला वाटतं. का ते मला नीट सांगता येत नाही. उद्या हे पोस्टात टाकते.

आई

१४ जुलै २०२५

अंकुर,

मागचं पत्र कपाटात साड्यांखाली आहे. टाकलं नाही. तू "घसरले" वाचशील आणि कायमचं दार लावशील, या भीतीनं नाही टाकलं. हे माझं चुकलं, आणि आता फार उशीर झाल्यावर कबूल करते आहे.

तुझा कागद आज आला.

पोस्टमननं पाकीट तुझ्या बाबांच्या हातात दिलं. मी पोळ्या लाटत होते. त्यांनी दारातच फोडलं आणि ओरडले, "आलं वं! पोट्टा सुधरला!" आत दोन कागद होते. एक स्टँपपेपर, खाली तुझी सही, तीच लपेटदार, दहावीत तू वहीभर गिरवली होतीस ती. दुसरी चिठ्ठी. ती त्यांनी वाचली आणि माझ्याकडे फेकली. "आई, तुझ्यासाठी सही केली आहे. पहिला फाटलेला कागद मला पाठव."

दोन वर्षांत तू मला लिहिलेलं हे पहिलं वाक्य. मी पिठाच्या हातानं ते धरून उभी राहिले. मला खूप आनंद झाला, हे खोटं कशाला बोलू? एवढा आनंद झाला की पुढचं काय चाललं आहे ते कळायला वेळ लागला.

ते म्हणाले, "पेन दे." मी फ्रिजवरचं पेन दिलं. त्यांनी डायनिंग टेबलावर बसून कोऱ्या जागेत स्वतःचं नाव लिहिलं, पूर्ण, वडिलांच्या नावासकट. तुझ्या सहीच्या वर. मग कागदावर फुंकर मारली आणि म्हणाले, "भाजी काय हाय?"

मी हाताला धरून थांबवायला हवं होतं. निदान पेन सापडत नाही म्हणायला हवं होतं. मी दोडक्याची भाजी आहे म्हणून सांगितलं.

हेही पत्र टाकणार नाही बहुतेक. तुझ्या त्या एका ओळीचं उत्तर काय द्यायचं ते मला कळत नाही.

आई

२४ ऑगस्ट २०२५

अंकुर,

काल मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक निघाली, वाडीतल्या सगळ्या बायका मेघाच्या फोनवर बघत बसल्या होत्या. गावाची इडापिडा घेऊन जाते म्हणतात. जाते तर जाऊ दे.

परवा ठाण्यातून परवान्याच्या चौकशीला जमादार आला होता. तोच आहे रे, जाडसर मिशीवाला. दोन वर्षांपूर्वी २० एप्रिलला तू ज्याला बोलावून आणलं होतंस, तोच. मी दारात त्याला ओळखलं, त्यानंही मला ओळखलं असावं, पण बोलला नाही. सोफ्यावर बसला, फाईल उघडली. तुझे बाबा समोर बसले होते, पाय हलवत. मी चहा घेऊन आले.

"काकू, घरात काही भांडणतंटा?"

"नाही जी."

"साहेब कधी हात-बिहात उगारते?"

तो हे तुझ्या बाबांसमोर विचारत होता. तुझे बाबा हसून म्हणाले, "सांग ना वं, लाजून काहून राहिली?" मी म्हटलं, नाही. जमादारानं फाईलमध्ये लिहिलं आणि मोठ्यानं वाचलं, अर्जदाराविरुद्ध ठाण्यात कोणतीही तक्रार दाखल नाही.

खरंच नाही. कशी असेल? त्या दिवशी माझ्या ओठातून रक्त येत होतं, तू याच सोफ्याजवळ उभा होतास आणि मी याच माणसाला सांगितलं की फरशीवर पाणी होतं, घसरले. तो तुला म्हणाला होता, "शिकलेला पोरगा अन् बापावर खोटा आळ घेते?" तू माझ्याकडे पाहत राहिलास. मी खाली पाहिलं. "आई, तू मले खोटं पाडलं," एवढं म्हणून तू गेलास. मी तेव्हा तुला खोटं पाडलं नसतं तर आज त्याच्या फाईलमध्ये एक तक्रार तरी असती. दोन वर्षं मी समजत होते की मी घर वाचवलं.

वंदना मॅडमना आज मी नाव बदलल्याचं सांगितलं. त्यांनी मला बाजूला नेलं. मग म्हणाल्या, "कौशल्या, एकदा तोंडानं बोला. मी येते तुमच्यासंगं ठाण्यात, आत्ताच्या आत्ता." गाडीची किल्ली हातात घेऊन उभ्या होत्या. मी म्हटलं, अहो तसं काही नाही, तुमचा गैरसमज झाला. त्यांनी किल्ली खिशात ठेवली. कोणी एवढं दार उघडून धरलं आणि मी आत गेले नाही, असं हे दुसऱ्यांदा झालं.

मनगट बरं आहे. दहातले नऊ काळ्यात.

आई

१६ ऑक्टोबर २०२५, गुरुवार

अंकुर,

या पाकिटात एकूण चार पत्रं आहेत. तीन मी लिहून ठेवलेली, हे चौथं. तारखा लावून वाच. जे मी लपवलं ते त्यांत आहे, आणि जे त्यांतही लपवलं ते आता सांगते.

परवाना मंजूर झाला. विक्कीचा सोमवारी फोन आला, पेढे घेऊन या म्हणाला. मंगळवारी तुझे बाबा मला दुकानात घेऊन गेले. चाचानं मला पाहिलं आणि न विचारता काळं, लांब नळीचं काढून मखमलीवर ठेवलं. मी हात पुढे केला. तुझ्या बाबांनी ते बोटानं बाजूला सारलं. "हे काय लाटणं हाय? ते दाखव, आखूडवालं." चाचा म्हणाला, "साहेब, ते नेमासाठी नाही, त्यानं पंचवीस मीटरवर कागदबी लागत नाही." तुझे बाबा म्हणाले, "आमचं टार्गेट काही पंचवीस मीटरवर नाही जी. घरातल्या घरात हाय." आणि माझ्याकडे पाहून डोळा मारला.

दुकानातले सगळे हसले. चाचा हसला, गिऱ्हाईकं हसली. मीही हसले. माझ्या तोंडातून हसणं कसं निघालं ते मला माहीत नाही, पण निघालं.

घरी आल्यावर मी एवढंच म्हटलं की ते आखूडवालं कागदासाठी नाही. यावर त्यांनी माझा फोन काढून घेतला. मारलं नाही. त्यांनी मारलं नाही याचीच मला जास्त भीती वाटते आहे. "आता कायले हात दुखवायचा?" असं म्हणाले आणि टीव्ही लावला.

क्लब बंद झाला माझा. वंदना मॅडम दिवाळीला मुलीकडे भोपाळला गेल्या आहेत, त्यांचा नंबर त्या फोनमध्ये, पिंटूचाही. तुझा नंबर मला पाठ आहे, मेघाच्या फोनवरून लावला, दोनदा वाजला. अनोळखी नंबर तू उचलत नाहीस, ही सवय मीच लावली तुला.

काल मी ठाण्यात जायला निघाले. फाटकापर्यंत गेले. बाहेरच्या टपरीवर गोदामातला माणूस चहा पीत होता. "काय वैनी, इकडे कुठे?" म्हणाला. मी म्हटलं, भाजी घ्यायला. आणि खरोखर भाजी घेऊन घरी आले. पालक.

म्हणून एक वेगळा कागद सोबत ठेवला आहे. साधाच आहे, वहीचा. त्यावर मी लिहिलं आहे: मी, कौशल्या मधुकर निमजे, २० एप्रिल २०२३ रोजी घसरले नव्हते. माझ्या मुलानं पोलिसांना सांगितलं ते खरं होतं. १ जुलै २०२५ लाही मी घसरले नव्हते. मधल्या ज्या तारखा आठवल्या त्या खाली लिहिल्या आहेत, सगळ्या आठवत नाहीत. शेवटी लिहिलं आहे की या घरात शस्त्र ठेवण्यास माझी हरकत आहे, आणि सही केली आहे. तुझी सही ज्या कागदावर आहे तो मी मागितला म्हणून तू दिलास. यात तुझा काही दोष नाही, हे नीट ऐक. हा माझा कागद तू ठाण्यात दे. मोठ्या साहेबाला दे, त्या जमादाराला नको. ठाण्यात मला बोलावलं आणि तुझे बाबा समोर बसले असले तर माझ्या तोंडून काय निघेल याची मला खात्री नाही, म्हणून लिहून ठेवलं आहे. मी काहीही म्हटलं तरी हा कागद खरा धरा, असं साहेबाला सांग.

तू मागितला होतास तो फाटलेला कागद माझ्याकडे नाही. क्लबच्या रिव्हॉल्व्हरनं फाडलेला एक आहे, तो घालते. दहातले नऊ.

मला तुझी फार आठवण येते. हे पहिल्याच पत्रात लिहायला हवं होतं, ऐट कशाला दाखवली कोण जाणे.

एवढं शेवटचं पोस्टात काउंटरवर उभ्यानं लिहिते आहे. धनतेरसला धातूची वस्तू घरात आणावी म्हणून तुझ्या बाबांनी शनिवारचा मुहूर्त धरला आहे, अकरा वाजता ते आखूडवालं आणायला दुकानात जायचं आहे. इथल्या बाईला विचारलं, स्पीड पोस्ट चाकणला कधी पोचेल? ती म्हणाली, "काकू, दिवाळीच्या सुट्ट्या हायेत, आता पुढचा गुरुवारच धरा." मी म्हटलं, त्याच्या आधी नाही का होत? तिनं वजनकाट्यावरून पाकीट उचललं आणि म्हणाली, "बंद करून द्या ना, मागे लाईन हाय."

आई